वाटीत पाणी ओतणारे भोईर

दामोदर भोईर यांनी पहिल्याच भेटीत मला किळस आणली. जेवण संपलं होतं. ताटात अर्धी वाटी आमटी, चमचाभर बटाट्याची भाजी आणि लिंबाची न पिळलेली फोड उरली होती. ताट उचलायला आलेल्या या वेटरने आधी माझा पेला उचलला, त्यातलं उरलेलं पाणी आमटीच्या वाटीत ओतलं, मग भाजीवर ओतलं, शेवटचे थेंब लिंबावर झटकले आणि मगच ताट हलवलं. आमटीवरचं तेल फुटून पसरलं. समोर बायको ताक पीत होती. तिच्याही ताटाचं तसंच झालं. तिने ताकाचा पेला खाली ठेवला आणि तोंड फिरवलं.

ताटात पाणी ओतणं, ताटात हात धुणं या गोष्टींसाठी आम्ही दोघांनीही लहानपणी मार खाल्लेला होता. मी काउंटरवर गेलो आणि तक्रार केली. शेठ पैशांच्या गल्ल्यामागे उदबत्ती लावत होते. म्हणाले, "गाँव का आदमी है, साहब. बोलता हूँ उसको."

बोलले की नाही, माहीत नाही. पुढच्या आठवड्यात भोईरांनी पुन्हा तेच केलं.

हे ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. आम्ही दादरची दहा बाय बाराची खोली सोडून भाईंदर पूर्वेला, नवघरमध्ये फ्लॅट घेतला होता. फ्लॅटला दोन नळ होते आणि दोन्हींत पाणी नव्हतं. पाणी टँकरने यायचं, म्हणजे कधी यायचं, कधी नाही. इमारतीच्या मागे उघडं गटार होतं. बिल्डरने पत्रकात त्याला 'नैसर्गिक ओढा' म्हटलं होतं. ज्या दिवशी टँकर येत नसे त्या दिवशी अर्धी इमारत स्टेशनजवळच्या त्या हॉटेलात जेवायची. हॉटेलाचं नाव लिहीत नाही. खाली चहा-नाश्ता आणि पहिल्या मजल्यावर थाळी, अशी त्याची रचना होती. थाळीत आमटी-भात हवा तेवढा मिळत असे. हॉटेलाची ख्याती त्याच्यावरच होती. मी वर्तमानपत्रात दुपारपाळीला होतो आणि बायकोची शाळा सकाळची होती, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी साडेअकराला मी एकटाच तिथे बसलेला असे.

भोईर वरच्या मजल्यावर होते. पंचेचाळिशीचे, काळे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. पायांच्या शिरा फुगून गाठी झालेल्या, त्यावर ते पँटच्या आतून कापडी पट्टी गुंडाळत. मूळचे भाईंदरजवळच्याच राई गावचे. आजोबांची शेती होती, वडिलांच्या वेळी अर्धी राहिली, आणि भोईरांच्या वेळी त्यावर चार मजले उभे राहिले. गिऱ्हाइकांशी ते जपून, वर्तमानपत्री मराठीत बोलत. चिडले किंवा मोकळे झाले की राईची बोली बाहेर यायची.

त्यांच्याकडे सहा टेबलं होती आणि त्या सहा टेबलांवर त्यांचा स्वतःचा कायदा चालायचा. त्या काळी वेटर चार पेले एका हातात आणायचे, प्रत्येक पेल्यात एक बोट बुडवून. भोईर पेला बुडाला धरत. दोन हातांत दोन. चार माणसांना पाणी द्यायला त्यांच्या दोन फेऱ्या व्हायच्या आणि बाकीचे वेटर त्यांना हसायचे. पेला ठेवण्याआधी ते त्याचा वास घेत. नाकापासून वीतभर अंतरावर धरून, एकदाच. पसंत पडला नाही तर काही न बोलता परत नेत. खांद्यावर फडकं नसे. ते कमरेला डाव्या बाजूला असायचं आणि त्याने फक्त टेबल पुसलं जायचं. हात पुसायचं फडकं उजवीकडे. एकदा एका नव्या वेटरने टेबलाच्या फडक्याने ताट पुसलेलं त्यांनी पाहिलं. ताट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, "घरी बापाच्या ताटाला ह्या फडकं लावशील का?"

"घरी कुठे फडकं असतं, दादा?" तो म्हणाला.

"मंग धोतरानं पूस. निदान बापाचा तरी आसंल."

सगळे हसले. भोईर हसले नाहीत. ते ताट त्यांनी स्वतः घासून आणलं.

हॉटेलातलं ते काही खात नसत. चहासुद्धा नाही. डबा राईहून यायचा. तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाची भाजी. तो ते मागच्या जिन्यावर उभ्याने खायचे. मी एकदा विचारलं, इथे फुकट जेवण मिळत असताना डबा कशाला?

"पथ्य हाय," ते म्हणाले.

"कसलं?"

"डोळ्यांनी पायलेल्याचं."

याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. एका दुपारी वरचा नळ बंद होता म्हणून हात धुवायला मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. मी बातमीदार म्हणून शवागारं पाहिली होती, कत्तलखाना पाहिला होता. तरी ते स्वयंपाकघर मी अजून तपशिलाने सांगू शकतो. दाराशी एक टेबल होतं. वेटर उष्टी ताटं आणून त्यावर ठेवत. एक माणूस ताटं वेगळी करी. अर्धवट राहिलेल्या आमटीच्या वाट्या तो डावीकडच्या पातेल्यात उपडी करी. न पिळलेल्या लिंबाच्या फोडी एका भांड्यात, कांद्याच्या चकत्या दुसऱ्यात, न मोडलेले पापड तिसऱ्यात. भात बोटांनी चाचपून कोरडा असला तर परातीत. त्याची बोटं फार चपळ चालत. एका वाटीत कुणाचा तरी केस निघाला तेव्हा त्याने तो केस काढला, बोट पँटला पुसलं आणि वाटी पातेल्यात ओतली. पातेलं भरलं की ते शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात रिकामं व्हायचं. शेगडीच्या वर भिंतीवर अन्नपूर्णेची तसबीर होती, तिला ताजा हार होता.

मी हात न धुता बाहेर आलो. जिन्यावर भोईर उभे होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना समजलं.

"पायलाव?"

"शेठना सांगितलं नाहीत कधी?"

"सांगितलं ना. शेठ बोलला, अन्न फेकणं पाप हाय. मना बोलला, तू देवाला मानतोस का न्हाय?" त्यांनी डबा बंद केला. "मंग मी पाणी वतायला लागलो. पाणी पडलं की त्यांना त्या वापरता येत न्हाय. आमटी पातळ होते, गिऱ्हाईक वरडतं."

"आणि बाकीची टेबलं?"

"माझी सहाच हायेत, साहेब."

त्यानंतर मी त्या हॉटेलात जेवणं सोडलं असं लिहायला आवडलं असतं. सोडलं नाही. टँकर येत नसे, दुसरं हॉटेल लांब होतं. मी फक्त भोईरांच्या टेबलावर बसू लागलो आणि कोरड्या भाजीवर भागवू लागलो. माणूस किळसही सवयीची करून घेतो, हे मला स्वतःबद्दल तिथे कळलं.

शेठ भोईरांना काढत नसत याची दोन कारणं होती. राईचा माणूस दारात असला की आसपासच्या गावांतली टोळकी फुकट खायला येत नसत. आणि आमच्यासारखी कुटुंबं 'भोईरांचं टेबल रिकामं आहे का' असं विचारत जिना चढत. शेठ मिरा रोडला दुसरं हॉटेल काढत होते. तिथल्या काउंटरवर भोईरांना बसवायचं त्यांनी कबूल केलं होतं, चार लोकांसमोर. भोईरांनी हे मला सांगितलं ते पगाराबद्दल काही न बोलता.

"तिथं खुर्ची हाय, साहेब. बावीस वर्सं हुबा हाय मी. डाक्तर बोलला, आता बसला न्हायस तर पाय कापायला लागंल."

मग ते अर्धवट हसून म्हणाले, "आनि किचनची चावी पन काउंटरवालाच ठेवतो."

त्या खुर्चीसाठी ते दिवस मोजत होते. मिरा रोडच्या इमारतीला प्लास्टर झालं की सांगायचे. लाद्या बसल्या की सांगायचे. नावाची पाटी रंगवायला टाकली, तेही सांगितलं.

आमच्या खालच्या मजल्यावर सदाशिव जोगळेकर राहत. बँकेतून निवृत्त झालेले, इमारतीच्या सोसायटीचे सचिव, सगळ्यांशी गोड. त्यांची आई ऐंशीच्या पुढची. काठी टेकत चालायची, पण सोवळं-ओवळं, उष्टं-खरकटं सगळं काटेकोर. आयुष्यात हॉटेलची पायरी चढली नव्हती. 'तिथे कुणाचं उष्टं कुणाच्या पोटात जाईल, सांगता येत नाही,' असं ती म्हणायची. तिला त्यावरून सगळे हसायचे. मीही हसायचो, पहिलं वर्षभर.

त्या रविवारी सलग तिसऱ्या दिवशी टँकर आला नव्हता. म्हातारीने आदल्या सकाळपासून दोन केळ्यांवर काढलं होतं. जोगळेकरांनी तिला अक्षरशः रिक्षात घातलं. आम्ही दोघंही बरोबर निघालो. हॉटेलच्या जिन्यात मी जोगळेकरांना म्हणालो, आमटी नका घेऊ, दहीभात सांगा. ते म्हणाले, "अहो, एवढी गर्दी असते, काही खराब असतं तर लोक आले असते का?" स्वयंपाकघरात काय पाहिलं ते सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही, कारण मग 'तरी तुम्ही इथे जेवता?' असं त्यांनी विचारलं असतं.

भोईरांची सहाही टेबलं भरलेली होती. आम्हाला खिडकीजवळ दुसऱ्या वेटरकडे बसवलं. आमटी शेवग्याच्या शेंगांची होती. म्हातारीने हात जोडले, चित्राहुती घातली आणि भातावर आमटी ओतून घेतली. दात थोडेच होते, म्हणून तिने शेंगेचा तुकडा तोंडात घातला आणि चोखू लागली.

मग थांबली. तुकडा बोटांनी बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

शिजलेली शेंग गोल असते, टोकं सरळ कापलेली असतात, आत गर असतो. हा तुकडा चपटा होता. मध्ये उभा चिरलेला, गर नाही, बिया नाहीत, दोन्ही टोकांना धागे पिंजलेले. एका बाजूला दातांचे ठसे होते. ओळीने चार.

"सदू," म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "हे कुणीतरी चोखून टाकलेलं आहे."

जोगळेकरांनी आजूबाजूला पाहिलं. "आई, हळू. शिजून तसं झालं असेल."

"शिजून दात उमटतात?"

तिला उमासा आला. पदर तोंडाशी नेईपर्यंत उलटी झाली. पोटात काही नव्हतंच, पिवळं पाणी पडलं. ताटात, टेबलावर, तिच्या लुगड्यावर. खिडकीजवळची सगळी टेबलं वळून पाहू लागली. आमचा वेटर दोन पावलं मागे सरकला. जोगळेकर रुमाल काढून आधी स्वतःची बाही पुसत होते.

शेठ वर आले. त्यांनी तुकडा पाहिला, आणि त्यांना काय घडलं ते माझ्यापेक्षा लवकर समजलं असावं. त्यांनी चेहऱ्यावर काळजी आणली. "माताजी, कुछ नहीं है. शेंग ज्यादा पक गया है. एकदम नरम माल है, इसलिए." म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा त्यांनी हॉलभर हाक मारली, "भोईर! इधर आओ. माताजी को मराठी में समझाओ."

भोईर आले. तुकडा त्यांनी हातात घेतला नाही, वाकून पाहिला. शेठ त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तो हात मला स्पष्ट दिसत होता. बोटांत तीन अंगठ्या होत्या.

"बोल दो, भोईर," शेठ म्हणाले. "मिरा रोड का काउंटर तुमको सँभालना है, कस्टमर को समझाना आना चाहिए."

भोईरांनी म्हातारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, उष्टी हाय. कोनाच्या तरी वाटीतली परत गेलेली हाय."

"क्या बोला?" शेठनी विचारलं. त्यांना समजलं होतं.

"जूठा है, शेठ. आपको मालूम है."

पाठीवरचा हात निघाला. भोईर तेवढ्यात खाली बसले होते, म्हातारीच्या खुर्चीशी, गुडघ्यावर. "आजी, हात लावू का?"

म्हातारीने हात पुढे केला. ते तिला धरून बेसिनपाशी घेऊन गेले. कोमट पाण्यात मीठ घालून आणलं, चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, सहा वेळा. कपाटातून कोरा टॉवेल काढला. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, लुगडं तुम्ही पुसा, मी पाठ फिरवतो." मग परत येऊन त्यांनी टेबल स्वतः पुसलं, फरशी स्वतः पुसली. आमचा वेटर भिंतीला टेकून पाहत होता.

म्हातारी हॉलला लागून असलेल्या गच्चीच्या दारात खुर्चीवर बसली होती. भोईर तिच्यापुढे उभे राहिले. "आजी, कधी जेवलाव?"

"परवा रात्री."

"उपाशी जायाचं न्हाय. हितल्या भांड्यातलं मी तुमाला देनार न्हाय. थांबा."

ते जिना उतरून गेले. खिडकीतून मला दिसलं, ते रस्ता ओलांडून समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरले. परत आले ते नवं पातेलं आणि नवी ताटली घेऊन. पातेल्यावर चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. गच्चीवर वेटरांच्या चहाचा वातीचा स्टोव्ह होता, तो त्यांनी घासला. तांदळाचं न फोडलेलं पोतं खालून उचलून आणलं आणि म्हातारीसमोर शिवण उसवली.

"मी करू, का तुमी करताव?"

"तू कर. मी बघते."

भोईर उकिडवे बसले. फुगलेल्या पायांनी त्यांना नीट बसता येत नव्हतं, एक पाय त्यांनी लांब केला.

"किती वेळा धुतलेस?"

"दोनदा."

"अजून एकदा धू. पाणी निवळ दिसेपर्यंत."

"तांदूळ संपल, आजी."

"संपू दे. तुझ्या शेठचा आहे."

माझी बायको हसली. एवढ्यात जोगळेकर माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "हा राईचा ना? आईला काही सांगू नका, जातपात काढेल."

"मी बहिरी नाही, सदू," म्हातारी मागे न वळता म्हणाली. "मघाशी मला 'हळू' म्हणालास, तेही ऐकलंय. गप्प बस." मग भोईरांना म्हणाली, "अरे, विस्तव बारीक कर. लागेल."

भात शिजायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी हॉलकडे पाहत होतो. पेशाची सवय. अकरा टेबलं भरलेली होती. दोन उठून गेली. नऊ टेबलांवरच्या लोकांनी शेंगेचा तुकडा पाहिला होता, भोईरांचं बोलणं ऐकलं होतं, उलटी पाहिली होती. पाच मिनिटं त्यांनी हात आखडते घेतले. मग एकाने भात मागितला. मग दुसऱ्याने. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी, ज्यांची बायको नाकाला पदर लावून बसली होती, वाटी पुढे केली आणि म्हणाले, "आमटी वाढ रे. शेंगा नको, नुसतं वरचं."

वेटरने वाढली. त्यांनी ती ओरपली.

मऊ भात, मीठ आणि म्हातारीसमोर कापलेलं लिंबू. तिने पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे पाहत होतो. मग तो खाली उतरला.

"मीठ कमी आहे."

"टाकू?"

"टाक."

तिने ताटली संपवली, आणखी भात घेतला, तोही संपवला. भोईर शेवटपर्यंत तिथेच उकिडवे बसले होते. कुणाच्या तरी टेबलावरून "भोईर, पाणी!" अशी हाक आली, त्यांनी हाताने थांबा म्हटलं. म्हातारी उठताना त्यांच्या डोक्याला हात लावून म्हणाली, "पोटभर जेवले हो मी." मोठ्या आवाजात म्हणाली. हॉलभर ऐकू गेलं.

शेठ तोवर सावरले होते. ते टेबलाटेबलावरून फिरत सांगत होते, "देखा साहब? ऐसी सर्विस बंबई में भी नहीं मिलेगी. कस्टमर के लिए नया बर्तन!" खाली उतरल्यावर जोगळेकरांनी त्यांच्याशी हात मिळवला. "थँक्यू शेठ. तुमच्या सर्व्हिसने सगळं भरून निघालं." शेठनी त्यांना बडीशेपेची वाटी पुढे केली. जोगळेकरांनी चमचाभर घेतली.

पुढच्या आठवड्यात त्या गच्चीवर तीन स्टोव्ह मांडले गेले आणि 'आपके सामने ताजा खाना' अशी पाटी लागली. गच्चीवरचा भात वेगळ्या दराने मिळायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी ताटं वेगळी करणारा माणूस आणि त्याचं टेबल तसंच होतं, मी जाऊन पाहून आलो. आमटीचं पातेलं मात्र नवं घेतलं होतं, आधीपेक्षा मोठं.

भोईर तिथे नव्हते. त्यांना सांगण्यात आलं होतं की मिरा रोडचं हॉटेल सुरू होईपर्यंत घरी आराम करा. ते सुरू झालं तेव्हा काउंटरच्या खुर्चीवर शेठच्या मेव्हण्याला बसवलं. भोईर विचारायला गेले होते. शेठ म्हणाले, "तू सच्चा आदमी है, भोईर. सच्चे आदमी को काउंटर पर बिठाऊँ तो मैं खाऊँगा क्या?" हे भोईरांनीच मला सांगितलं, शेठच्या आवाजाची नक्कल करून. नक्कल चांगली होती.

हे सांगायला ते नवघरला आमच्या घरी आले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बायकोने पाणी दिलं, त्यांनी पेल्याचा वास घेतला नाही.

"साहेब, तुमी लिवा. मी सगला सांगतो. आमटी, लिंबू, भात, कोन वेगला करतो, कोन वततो. माझा नाव टाका. माझा काय आता जायाचं हाय?"

मी लिहिलं. सहाशे शब्द, तारीखवार, साक्षीदारांसह. कचेरीत टेबलावर ते तीन दिवस पडून राहिलं. वरिष्ठ म्हणाले, भाईंदरच्या आमटीत मुंबईच्या वाचकाला काय रस? शिवाय त्या भागातल्या जाहिराती गोळा करणाऱ्या माणसाने शेठचं नाव ओळखलं होतं. चौथ्या दिवशी आतल्या पानावर, विहिरीतला गाळ काढण्याच्या बातमीखाली, पाच ओळी आल्या. उपाहारगृहांनी स्वच्छतेची काळजी घ्यावी अशी नागरिकांची मागणी आहे. मी तो अंक घेऊन राईला गेलो. न जाण्यापेक्षा ते बरं वाटलं.

भोईरांनी तो ओटीवर उभ्यानेच वाचला. दोनदा वाचला.

"हॉटेलाचा नाव न्हाय."

"नाही."

"शेठचा न्हाय. माझा पन न्हाय."

"नाही."

"मंग ही बातमी कोनाची हाय, साहेब?"

त्यांनी अंक नीट घडी करून मला परत दिला.

त्यानंतर तीन-चार वर्षं आमची गाठ पडली नाही. जोगळेकर कुटुंबाला मिरा रोडच्या हॉटेलच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं आणि ते गेले. म्हातारी गेली नाही. ती मला जिन्यात अडवून विचारायची, "त्या भात करणाऱ्याचं काय झालं हो?" मी म्हणायचो, असतील कुठेतरी. तिला ते पटत नसे. दर वेळी नव्याने विचारायची.

शेवटचं पाहिलं ते खाडीवर. रेती उपशावर बातमी करायला मी बंदरावर गेलो होतो. ओहोटी लागली होती. रेतीच्या होड्या काठापासून दूर टेकल्या होत्या आणि माणसं कमरेइतक्या पाण्यातून टोपल्या डोक्यावर घेऊन येत होती. पाणी काळं होतं, त्यावर फेस होता. आमच्या नवघरच्या मागचं गटार आणि तसली आणखी वीस गटारं तिथेच उतरत. प्लास्टिकच्या पिशव्या, भिजलेला पाव, एक फुगलेलं कुत्रं पाण्याबरोबर काठाला येऊन पुन्हा मागे जात होतं. ओळीत चौथे भोईर होते. केस पांढरे झालेले. टोपली दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळे तोंडावर उडालेला चिखल पुसता येत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले होते.

मला पाहून ते थांबले नाहीत. टोपली काठावरच्या ढिगावर उपडी केली, परत पाण्यात शिरताना माझ्या समोर आल्यावर म्हणाले, "काय साहेब, हिकडं?"

"जोगळेकरांच्या आई विचारत असतात तुमच्याबद्दल."

"हायेत अजून?"

"आहेत. पंच्याऐंशी झाली."

"जेवतात ना नीट?"

"जेवतात."

"मंग झालं," भोईर म्हणाले. मागच्या माणसाने रिकामी टोपली त्यांच्या पाठीला टेकवून 'चला' म्हटलं. ते वळले आणि त्या पाण्यात उतरले. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.